आधी जमीन, मग टायर, मग बाकीचं

जुनी स्विफ्ट घेतलीस, चांगलं केलंस. आता ऑटोक्रॉसला उतरायचं म्हणतोस आणि पहिलाच प्रश्न विचारतोस, ‘काका, गाडी किती खाली घेऊ?’ अजिबात घेऊ नकोस. का घ्यायची नाही ते पुढे येईलच. त्याच्या आधी करायच्या पुष्कळ गोष्टी आहेत आणि त्यातल्या बहुतेक फुकटात किंवा थोडक्या पैशांत होणाऱ्या आहेत. वही काढ आणि लिहून घे. मैदानावर एकदा हेल्मेट डोक्यात चढलं की यातलं काही आठवत नाही.

पहिली गोष्ट जमिनीची. तू मोबाइलवर जे बघतोस ते बहुतेक अमेरिकेतलं असतं: डांबरी मैदान, त्यावर मांडलेले नारिंगी शंकू आणि जमिनीला टेकायला आलेल्या गाड्या. आपल्या देशात ऑटोक्रॉस म्हटलं की बहुतेक वेळा माती. नाशिक, पुणे, बंगळूर, चिकमगळूर, कुठेही जा. मोकळं मैदान साफ करून वळणावळणाचा कच्चा ट्रॅक आखतात, टँकरने पाणी मारतात आणि एकेक गाडी वेळ लावून सोडतात. डांबरावर जी गाडी चिकटून वळते तीच मातीवर उड्या मारते. म्हणून कोणाचाही सल्ला ऐकताना आधी विचार, तो कोणत्या जमिनीवरचा आहे.

रायपूरच्या पोराला माती ओळखता आलीच पाहिजे. छत्तीसगढी शेतकऱ्याने तिला चार नावं दिली आहेत: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. भातासाठी दिलेली ही नावं मोटारीलाही लागू पडतात. भाटा म्हणजे लाल मुरमाड जमीन. खाली कडक थर, वर सुटे खडे. पहिल्या गाड्यांना तिथे पकड मिळत नाही, टायर खड्यांवरून घरंगळतात. दहा-पंधरा गाड्या गेल्या की वळणाच्या आतल्या बाजूला एक स्वच्छ पट्टा तयार होतो आणि वेळा झपाट्याने कमी होतात. मटासी पिवळसर, बारीक. कोरडी असली की पीठ होतं, आणि दुपारपर्यंत वळणांमध्ये चाकोऱ्या पडतात. इथे गाडीच्या पोटाखाली जागा हवी आणि चाकाला खाली-वर जायला वाव हवा. कन्हार काळी, चिकण. कोरडी कन्हार दगडासारखी कडक असते, जवळजवळ डांबराइतकी पकड देते; पण टँकर फिरला की तीच साबणासारखी निसरडी होते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायरचा पार गुळगुळीत गोळा होतो. डोरसा मटासी आणि कन्हार यांच्या मधली.

म्हणून स्पर्धेच्या दिवशी ट्रॅक पायी फिर. चपलेच्या टाचेने माती उकर. किती बोटांखाली कडक थर लागतो ते बघ. पाणी कुठे साचलंय, चाकोरी कुठे पडेल, उतार आत आहे की बाहेर, हे वहीत लिही. तुझ्या गाडीचं सस्पेन्शन कसं असावं ते ही जमीन सांगते.

आता टायर. टायरची हवा म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट फरक दाखवणारी गोष्ट, आणि पोरं तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. हवा मोजायचा एक चांगला गेज स्वतःचा घे आणि कायम तोच वापर. पेट्रोल पंपावरचा गेज आणि तुझा गेज यांत दोन-तीन पौंडांचा फरक असू शकतो. पण तुझा गेज स्वतःशी तरी खरा राहतो. ड्रायव्हरच्या दाराजवळ कंपनीने हवेचा आकडा चिकटवलेला असतो, तिथून सुरुवात कर. मातीवर त्याच्यापेक्षा दोन-तीन पौंड कमी चालतील. पंचवीसच्या खाली जाऊ नकोस, चाकोरीच्या काठावर रिम वाकते. डांबरी मैदान मिळालंच, तर उलट: पुढे छत्तीसपासून सुरू कर, कारण जोराच्या वळणात मऊ टायर बाजूवर लोळतो.

डांबरावर टायर किती लोळतो हे बघायला खडू घे. टायरच्या खांद्यावर, नक्षी संपते आणि बाजू सुरू होते तिथे, तीन जागी आडव्या रेघा ओढ. एक फेरी मारून ये. रेघ नक्षीच्या काठापर्यंतच पुसली गेली तर हवा बरोबर. काठ ओलांडून बाजूवर गेली तर हवा वाढव. काठाच्या अलीकडेच थांबली तर कमी कर. मातीवर खडू कामाचा नाही, तिथे बाजूवर घासल्याच्या खुणा बघायच्या.

आपल्या उन्हाचा हिशेबही इथेच मांडायचा. तापमान सहा अंशांनी वाढलं की टायरची हवा साधारण एक पौंडाने वाढते. मे महिन्यात सकाळी अठ्ठावीस अंशांत भरलेली हवा दुपारी चव्वेचाळीस अंशांत अडीच पौंडांनी जास्त होते, तीही गाडी जागची हललेली नसताना. शिवाय गाडी उभी करताना एक बाजू उन्हात आणि एक सावलीत राहिली तर डावं-उजवं बिघडतं. उन्हातल्या टायरवर ओलं पोतं टाक, आणि फेरीच्या पाच मिनिटं आधी चारही चाकं पुन्हा मोज.

यानंतर गाडीची झीज. जुनी गाडी ट्यून करायला निघण्याआधी ती निरोगी आहे का ते बघ. जॅकवर पुढचं चाक उचल, खाली स्टँड लाव. नुसत्या जॅकवर कधीच काम करायचं नाही. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलव. खडखडलं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. तीन आणि नऊच्या जागी खडखडलं तर टाय रॉडचं टोक. मग चाक जमिनीवर ठेवून एकाला स्टिअरिंग फिरवायला सांग आणि स्प्रिंगवर हळूच हात ठेव. स्प्रिंग सरळ फिरायला हवी. ती अडकून मध्येच ‘ठक्’ करून सुटली तर वरचं माउंट गेलं. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओला थर दिसला तर तो बदलायचाच, आणि एक बदलला तर जोडीचा दुसराही.

बुश बदलायला देशील तेव्हा एक गोष्ट मेकॅनिकजवळ उभं राहून बघ. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळले की गाडी खाली उतरवताच रबर पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. मग ते काही महिन्यांत फाटतं, आणि तोवर गाडीची उंचीही चुकीची दाखवतं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग शेवटचा आवळ द्यायचा. घाईत असलेले पुष्कळ हात हे टाळतात. तू टाळू द्यायचं नाहीस.

आता चाकांचे कोन. कॉम्प्युटर अलाइनमेंट चांगलीच आहे, पण मैदानावर ती नसते, म्हणून हाताने मोजायला शीक. हत्यारं गवंड्याची: ओळंबा, सुतळी आणि पाण्याची नळी. आधी सपाट जागा शोध. आपल्या पुरानी बस्तीत, तात्यापाऱ्यात ज्या जुन्या वाड्यांची अंगणं शाबूत आहेत, तिथली फरशी दिसायला सपाट असते. पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. पाण्याच्या नळीने चार चाकांच्या चार जागा मोज आणि कमी पडेल तिथे पत्र्याचे तुकडे घालून समान कर. ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाइतकं तांदळाचं पोतं ठेव, कारण फेरीत तू आत असणार आहेस. पुढच्या चाकांखाली प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्या आणि त्यांच्या मध्ये थोडं ग्रीस घाल. त्यामुळे चाक अडकून न राहता आपल्या जागी सरकतं. मग गाडी दाबून सोड आणि मोजायला बस.

कँबर म्हणजे चाकाचा वरचा काठ आत किंवा बाहेर किती झुकलाय ते. फेंडरवरून ओळंबा सोड आणि रिमच्या वरच्या व खालच्या काठापासून दोरीचं अंतर मोज. चौदा इंची रिमवर साडेसहा मिलिमीटरांचा फरक म्हणजे साधारण एक अंश. वळणात गाडी कलते, बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं आणि टायर एका काठावर चालतो. म्हणून पुढची चाकं आधीच थोडी आत झुकवून ठेवायची: मातीवर एक अंश पुरे, डांबरावर दीडपर्यंत.

स्विफ्टला कारखान्यातून कँबर बदलायची सोय नाही, पण थोडा फुकटात मिळतो. शॉकअप आणि हब जोडणारे खालचे दोन बोल्ट सैल कर, चाकाचा वरचा भाग जोरात आत ढकलून धर आणि तसाच धरून बोल्ट आवळ. भोकांमध्ये जेवढी ढिलाई असते तेवढा कोन पदरात पडतो. आणखी हवा असेल तर कँबर बोल्ट मिळतात, बारीक कण्याचे आणि एका बाजूला फुगीर. ते टॉर्क पान्यानेच आवळायचे, आणि बोल्ट व ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवायची. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकला.

कँबर हलला की टो हललाच. टो म्हणजे चाकाचा पुढचा काठ आत किंवा बाहेर किती वळलाय ते; बाहेर वळलेला असला की टो-आउट. तो सुतळीने मोजतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना चार स्टँडांवर सुतळ्या बांध. दोन सुतळ्यांमधलं अंतर पुढे-मागे एकसारखं हवं आणि प्रत्येक सुतळी डाव्या-उजव्या हबपासून सारख्याच अंतरावर हवी. सुतळी टायरला टेकवायची नाही, कारण पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर वेगळं असतं. मग रिमचा पुढचा आणि मागचा काठ सुतळीपासून किती दूर आहे ते मोज. पुढच्या चाकांना दोन्ही मिळून शून्य ते दोन मिलिमीटर टो-आउट ठेव. नाक लगेच वळतं. त्यापेक्षा जास्त ठेवलंस तर सरळ रस्त्यावर गाडी भटकते आणि टायर आतून खरवडला जातो. घरी जायच्या रस्त्यासाठी टो परत शून्यावर आण. टाय रॉडचे किती आटे फिरवले ते वहीत लिहिलेलं असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

आता मुख्य दुखणं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या सगळ्या छोट्या गाड्यांचं एकच: स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जातं. एकूण वजनाचा साठ टक्के भाग पुढे, ओढायचं पुढच्यांनी, वळायचंही पुढच्यांनीच. वळणात जेवढं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं, ते गाडीचा वेग, उंची आणि रुंदी ठरवते. स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा) बदलून ते कमी होत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की त्यातलं किती पुढच्या जोडीने सोसायचं आणि किती मागच्या. टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, म्हणून ज्या जोडीवर भाराची ओढाताण जास्त ती जोडी आधी सुटते. उपाय यातूनच निघतो: पुढच्या जोडीला मऊ ठेव आणि मागच्या जोडीला कडक. मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी पिटुकली गाडी मोठमोठ्यांना हरवू शकते हे जगाला दाखवलं. १९७६ साली आलेली फोक्सवागन गोल्फ जीटीआय वळणात मागचं आतलं चाक उचलून तीन चाकांवर पळायची, त्याचे फोटो तू पाहिले असशील. ते चाक उचललं जातं ते बिघाडामुळे नाही. मागच्या जोडीने आपला पूर्ण वाटा उचलला आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीला धरून राहिली, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे २००१ साली आलेली फियाट पालिओ १.६, पुढे पोलो जीटी, २०१५ ची अबार्थ पुंटो, २०२१ ची आय-ट्वेंटी एन लाइन, या सगळ्यांची मांडणी तीच: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. तुझ्या स्विफ्टचीही तीच. त्यामुळे एका गाडीवर शिकलेलं दुसरीवर चालतं.

डांबरावर मागे जाड स्टॅबिलायझर बार घालून फरक पडतो. मातीवर मागची कडक स्प्रिंग चाकोरीत उडते, म्हणून तिथे वेगळी युक्ती: पुढच्या स्टॅबिलायझर बारची लिंक रॉड एका बाजूची सोड आणि नीट बांधून ठेव, लोंबकळू देऊ नकोस. गाडी जास्त कलेल, घाबरू नकोस. आतलं पुढचं चाक हवेत फिरायचं थांबतं आणि वळणातून निघताना ओढ मिळते. स्पर्धा संपल्यावर ती परत लावल्याशिवाय मैदानाबाहेर पडायचं नाही. आणि हे नीट लक्षात ठेव: जुन्या मारुती ८०० आणि झेनमध्ये तोच बार लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. तिथे तो सोडला की चाकच जागेवर राहत नाही. मित्राच्या झेनवर हा प्रयोग चुकूनही करायचा नाही.

आता तुझा प्रश्न, गाडी खाली घेण्याचा. गाडीसमोर बसून चाकाच्या आत बघ. लोअर आर्म गाडीपासून चाकाकडे जाताना जवळजवळ आडवा किंवा किंचित खाली उतरलेला दिसेल. गाडी खाली घेतलीस की त्याचं चाकाकडचं टोक वर चढतं. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये असं झालं की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, आणि गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलायला बघते. दिसायला खाली, वळायला वाईट. त्यात शॉकअपची चाल कमी होते आणि वळणाच्या मध्येच बंप स्टॉपर टेकतो. स्टॉपर टेकला की गाडीचं ते टोक एकदम दगडासारखं कडक होतं आणि त्याच क्षणी टायर सुटतो. आर्म आडवा राहील तिथपर्यंतच खालची मर्यादा समज. शिवाय ही गाडी रोज महामाया मंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांतून, गटारांच्या झाकणांवरून आणि घराघरासमोर घातलेल्या गतिरोधकांवरून जाणार आहे.

स्प्रिंग कापून देतो म्हणणारे खूप भेटतील. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हे खरं. पण शॉकअप जुनाच राहतो; त्याला ती कडक स्प्रिंग आवरत नाही आणि गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर नाचत राहते. गॅसच्या ज्योतीने कापली तर पोलादाचं पाणीच उतरतं. चाक पूर्ण खाली लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटते. पैसे साठवून शॉकअपवर घाल. चांगले शॉकअप मूळ स्प्रिंगवरही गाडी बदलून टाकतात. फिरकीने कमी-जास्त होणारे मिळाले तर फिरकी पूर्ण कडक करून तिथून मागे मोजत ये, आणि मातीवर मऊ बाजूनेच सुरुवात कर.

चाचणी घेताना एका वेळी एकच गोष्ट बदल. हवा, कँबर आणि शॉकअप तिन्ही बदललेस आणि वेळ सुधारली तर शिकलास काय? शिवाय पाचव्या फेरीत तूही सुधारलेला असतोस आणि जमीनही. म्हणून आधी जशी होती तशी फेरी, मग बदल करून फेरी, मग परत पहिल्यासारखी करून फेरी. तिसरी फेरी पहिल्यासारखी आली तरच बदलाचा हिशेब धर. वळणाचे तीन तुकडे पाड: आत शिरताना, मधोमध, बाहेर पडताना. शिरतानाच नाक सरळ जात असेल तर आधी स्वतःला विचार, वेग जास्त तर नाही? बहुतेक वेळा तोच असतो, आणि त्यावर कोणताही पाना चालत नाही. मधोमध सरकत असेल तर कँबर आणि मागची हवा बघ. मागे दोन पौंड वाढवून पाहा. बाहेर पडताना आतलं चाक फिरत असेल तर पुढचा बार आणि तुझा उजवा पाय. एका मित्राला वळणाच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर उभा कर आणि फक्त चाकांकडे बघायला सांग. आतून जे कळत नाही ते त्याला दिसतं.

गाडीतून स्टेपनी, जॅक, पायपुसणी, बाटल्या, सगळं काढून ठेव. पेट्रोल पाव टाकी ठेव, त्यापेक्षा कमी नको; लांब वळणात पंप हवा ओढतो. प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने तपास.

नवा रायपूरचे रुंद मोकळे रस्ते बघून हात शिवशिवतील. तिथे सराव करायचा नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यावर सायकलवाला कधीही आडवा येतो. कलम ५२ गाडीत मनाने केलेल्या फेरफारांबद्दल आहे, तेही वाचून ठेव. देशातल्या मोटार क्लबांच्या महासंघाची, म्हणजे एफएमएससीआयची मान्यता असलेली स्पर्धा शोध, त्यांचा परवाना काढ आणि ज्या वर्गात उतरणार त्याचे नियम पाना हातात घेण्याआधी वाच. काही वर्गांत मूळ गाडीला हात लावलेला चालत नाही.

पहिल्या स्पर्धेला मूळ उंची, मूळ स्प्रिंग, नवे बुश, नवे शॉकअप आणि चांगले टायर एवढ्यावरच जा. परत आलास की वही घेऊन ये. स्प्रिंग बदलायची की नाही ते त्यातले आकडे बघून ठरवू.